स्टॅक म्हणजे उतरंड की चवड?

भाचीला डेटा स्ट्रक्चर्सचा, म्हणजे संगणकात माहिती रचून ठेवण्याच्या पद्धतींचा, पहिला धडा मराठीतून समजावत होतो. क्यूला रांग म्हटलं, निभावलं. स्टॅकला 'उतरंड' म्हटलं आणि अडकलो. तिला फक्त 'जातींची उतरंड' ठाऊक. मग मडक्यावर मडकं रचलेलं दाखवलं: शेवटी ठेवलेलं आधी निघतं, तळातलं हवं तर वरची सगळी उतरवा. स्टॅकचा नियम हाच ना? की दुसरा शब्द बरा?

— नियम हाच, पण उतरंडीत मापही आलं, तळाला मोठं आणि वर लहान. स्टॅकला मापाचं सोयरसुतक नाही. 5 वर 90 ठेवा, त्यावर 2 ठेवा. त्यापेक्षा भाकऱ्यांची चवड म्हणा. तव्यावरून शेवटी उतरलेली वर, आणि ताटात पहिली पडते तीच. नाण्यांची चळत किंवा पोत्यांची थप्पीही चालेल. ढीग, रास नको, त्यांत क्रमच नसतो. गंमत बघा, 'हीप' नावाची आणखी एक रचना असते. शब्दाचा सरळ अर्थ ढीग, पण झाडासारख्या रचलेल्या मॅक्स-हीपमध्ये वरचा आकडा खालच्या दोन्हींपेक्षा लहान असून चालत नाही. म्हणजे क्रम आलाच!

— उतरंड टाकून देऊ नका हो. हॅनोईच्या मनोऱ्यांना ती चपखल बसते. फ्रेंच गणिती एदुआर लुकासचं 1883 मधलं कोडं: तीन खांब, एकावरची चकत्यांची उतरंड दुसऱ्यावर न्यायची, एका वेळी एकच चकती हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही. तीन चकत्यांना किमान 7 खेपा, दहांना 1023.

— आणि अल्गोरिदमला, म्हणजे उत्तर काढायच्या ठरलेल्या पायऱ्यांना, मराठीत काय म्हणायचं? नवव्या शतकात बगदादला असलेल्या गणिती अल-ख्वारिझ्मीच्या नावाचं लॅटिन रूप घासून हा शब्द झाला. 'गणनविधी' वाचलं की मला जांभई येते. गणिताच्या तासाला आपण 'रीत' म्हणायचो, नुसत्या उत्तराला गुण कापले जायचे. भागाकाराने मसावि आठवतो? 48 ला 18 ने भागा, उरले 12. 18 ला 12 ने, उरले 6. 12 ला 6 ने, बाकी शून्य. मसावि 6. युक्लिडच्या ग्रंथातली ही रीत, सुमारे 2300 वर्षं जुनी.

— रीत म्हटलं की मला सासरच आठवतं. शिवाय 'अल्गोरिदमिक'ला काय म्हणाल, 'रैतिक'?

— नको! तिथे इंग्रजीच राहू द्या.

— भाचीला चवड पटली. आता विचारतेय, चवड संपल्यावर वरची मागितली तर? पुस्तकात त्याला स्टॅक अंडरफ्लो म्हणतात.

— दुरडी रिकामी.