घरच्या धिंगरीची पावडर करायचीय, वाळवायची कशी आणि घालायची कशात?

कराडची_सूनबाई
नमस्कार मंडळी. माझ्या जाऊबाईंच्या माहेरी उंब्रजजवळ धिंगरी मश्रूमची शेड आहे. थंडी सरत आली की शेवटचे तोडे एकदम निघतात, तेवढं गिऱ्हाईक नसतं, मग पिशव्या भरभरून आमच्याकडे येतात. आत्ताही चार-पाच किलो आलंय. फ्रिजमध्ये ठेवून ठेवून किती ठेवणार, दोन-तीन दिवसात पाणी सुटतं नि वास मारायला लागतो, आणि भाजी करून करून पोरं आता ताट बघितलं की तोंड वाकडं करतायत. म्हणून वाळवून पावडर करून ठेवावी म्हणते. गच्चीवर ऊन भरपूर, ओव्हन नाही, मिक्सर आहे. धुवून वाळवायचं का तसंच? किलोला किती पडते? पावसाळ्यात टिकते का? आणि मुख्य म्हणजे घालायची कशात, कारण नेटवर सगळे सूप नि पास्ता सांगतात आणि आमच्याकडे रोज भाकरी-आमटी. शिवाय सासरे माळकरी आहेत, मश्रूमला हात लावत नाहीत, त्याचं काय करावं तेही सांगा.

वाळवणवाली_विटा
ताई, धुवू अजिबात नका. धिंगरी पाणी पिते नि मग वाळता वाळत नाही. काड चिकटलं असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा, बुडाचा घाण भाग कापा, पण बाकीचे देठ फेकू नका. भाजीत चामट लागतात ते, पावडरीला मात्र एक नंबर, फक्त वेगळे पसरा कारण त्यांना वेळ जास्त लागतो. सुरीनं कापत बसू नका, खालच्या रेघांच्या बाजूनं हातानंच उभ्या पट्ट्या फाडा, झटक्यात होतं.
आधी रात्रभर पंख्याखाली, मग सकाळी गच्चीवर सुती साडीवर, वरून पातळ ओढणी. दिवस मावळायच्या आत घरात आणा, नाहीतर दव धरतं नि दुसऱ्या दिवशी परत तिथूनच सुरुवात. आत्ताच्या उन्हात दोन दिवसात होईल, देठांना तिसरा लागेल.
वाळलं का ते हाताला कोरडं लागण्यावरून ठरवू नका. पट्टी बोटात वाकवा. वाकली तर अजून ऊन पाहिजे, कडकन मोडली तर झालं. दळायच्या आधी जाड बुडाच्या कढईत एकदम मंद आचेवर पाचेक मिनिटं हलवायची आणि पूर्ण गार करायची. गरम दळलं तर भांड्यातच वाफ धरते नि गोळे होतात. दळल्यावर झाकण लगेच उघडू नका, धूळ बसू द्या, नाकात गेली की शिंकून शिंकून बेजार व्हाल, आणि घरात कुणाला दमा असेल तर त्यांना स्वयंपाकघरातून बाहेरच काढा.
मश्रूममध्ये 90 टक्के पाणीच असतंय, त्यामुळं किलोला 100 ग्रॅमच्या आतबाहेर. लय अपेक्षा ठेवू नका 😀

तासगावचा_बेदाणेवाला
वरच्या ताईंनी बरोबर सांगितलंय, फक्त साडीऐवजी जाळी वापरा असं माझं मत. आमच्याकडे बेदाणा शेडमध्ये जाळीच्या मजल्यांवर सुकवतात ते उगाच नाही, खालून वरून वारा फिरला पाहिजे. खाट उलटी करून चार पायांना शेडनेटचा धुतलेला तुकडा ताणून बांधा, पालटायची पण कटकट नाही. आणि कुणाची बेदाणा शेड रिकामी दिसली म्हणून तिथं मश्रूम नेऊन टाकू नका, तिथं गंधकाची धुरी दिलेली असते, वाळतं मश्रूम सगळे वास ओढून घेतं.

कराडची_सूनबाई
खाट आहे, शेडनेट पण आहे माडीवर पडलेलं. घालायची कशात ते सांगा की कुणीतरी.

चूल_आणि_चमचा_सांगली
मसाल्यासारखी वापरा ताई, मूठभर घालायला जाल तर सगळंच मातकट लागेल. चार माणसांच्या आमटीला एक चहाचा चमचा, तोही सपाट.
सगळ्यात भारी लागते अख्ख्या मसुरात. कांदा नीट लालसर होऊद्या, आलं-लसूण, मग टोमॅटो गळेपर्यंत, मग कांदा-लसूण मसाला. तेल सुटायला लागलं की गॅस बारीक करून पावडर घाला, अर्धा मिनिट हलवा आणि लगेच गरम पाणी. नुसत्या तापलेल्या तेलात घातलीत तर सेकंदात करपते नि कडू होते, तेवढं एक सांभाळा. मग शिजवलेला मसूर घालून दहा मिनिटं बारीक उकळी. रस्सा दाट होतो आणि मटणाच्या रश्श्यासारखा जिभेवर रेंगाळतो. हे काय जादू नाही, मश्रूममध्ये ग्लुटामेट असतंच, टोमॅटोतही असतं, आणि वाळवलेल्या मश्रूममध्ये ग्वानिलेट म्हणून आणखी एक घटक मिळतो, ही जोडी एकत्र आली की चव कितीतरी पटीनं वाढते. जपानमध्ये इकेदा नावाच्या शास्त्रज्ञानं 1908 साली समुद्रशेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढून या चवीला उमामी म्हटलं, आपल्याकडं मात्र अजून काळ्या मसाल्यालाच सगळं श्रेय 😄
बाकी पिठल्याच्या बेसनात अर्धा चमचा, वांग्याच्या भरितात कांदा परतताना, पावट्याच्या आमटीत, ऑम्लेटच्या घोळात. साध्या वरणात नि कढीत नको, रंग घाण होतो आणि चवही भांडते. वरून कच्ची भुरभुरायची नाही, शिजलीच पाहिजे. आणि वर्षाच्या मसाल्यात मिसळून ठेवू नका, पावडरीला ओल लागली तर अख्खा मसाला जाईल.

मिरज_जिमवाला
म्हणजे ही फुकटातली प्रोटीन पावडर झाली की! रोज दुधात दोन चमचे घेतलं तर चालेल का

सातारी_डबा
दादा, चहाचा चमचाभर पावडर म्हणजे दोन-तीन ग्रॅम. वाळलेल्या धिंगरीत प्रोटीन पाव भागाच्या आसपास धरलं तरी चमच्यात एक ग्रॅमसुद्धा येत नाही. त्यापेक्षा मूठभर शेंगदाणे खा. व्हॉट्सॲपवर काय काय फिरतं त्याच्या नादी लागू नका. उन्हात वाळवण्याचा एक फायदा मात्र खरा आहे, मश्रूममधल्या एर्गोस्टेरॉलवर ऊन पडलं की त्याचं व्हिटॅमिन डी2 तयार होतं, म्हणून पट्ट्या पसरताना रेघांची बाजू वर करा आणि दुपारचं थोडं थेट ऊन ओढणी न टाकता लागूद्या, माशा हाकलायला बसा तेवढा वेळ. युरिक ॲसिडचा त्रास असणाऱ्यांनी जपून, वाळवल्यावर सगळंच घट्ट होतं त्यात.

पाटणचा_रानवेडा
पावसाळ्यात आमच्या डोंगरात वारुळावर अळंबी येते, तिची अशीच पावडर करून ठेवली तर?

वाळवणवाली_विटा
पिढ्यानपिढ्या ओळखणारं माणूस घरात असेल तर ताजी खा बाबा, पावडर करून ठेवायच्या फंदात पडू नका. त्यात एखादी कुत्र्याची छत्री मिसळली तर विषारी जातींचं विष वाळवून जात नाही नि शिजवूनही जात नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलतो, हे सगळं खोटं आहे. आणि पावडर झाल्यावर काय खाल्लं ते डॉक्टरला दाखवायला अख्खं मश्रूमसुद्धा उरत नाही.

कराडची_सूनबाई
सगळ्यांचे आभार. सासऱ्यांचं आणि पावसाळ्याचं राहिलंच. सासूबाई म्हणतात घाल थोडी, त्यांना काय कळतंय.

चूल_आणि_चमचा_सांगली
नाही हो ताई, माळकरी माणसाला लपवून घालायची नाही, कळलं तर घरात महाभारत होईल आणि नाही कळलं तरी ते बरं नाही. आमटी सगळ्यांची बिनपावडरीचीच करा, त्यांची वाटी आधी काढून ठेवा. मग कढल्यात थोडं तेल, ठेचलेला लसूण, गॅस बारीक करून पावडर, लगेच अर्धी वाटी गरम पाणी, पाच मिनिटं खळखळ उकळून तुमच्या वाट्याच्या आमटीत ओता. चवीत फरक पडत नाही फारसा. पावडरीची बरणी नि चमचाही वेगळाच ठेवा.
पावसाळ्यासाठी एकच मोठी बरणी भरू नका, काचेच्या दोन-तीन छोट्या बाटल्या घट्ट झाकणाच्या. एक वापरात, बाकीच्या फ्रीजरमध्ये, आणि फ्रीजरमधली काढली की तासभर बाहेर ठेवून मगच झाकण उघडा, गार बाटली उघडली की बाहेरच्या हवेतली ओल आत बसते. नुसते गोळे झाले असतील तर कढईत मंद कोरडे करून परत दळून घ्या. कुबट वास आला किंवा बुरशी दिसली तर मात्र चाळून वगैरे वाचवत बसू नका, सरळ टाकून द्या.