मदत हवी आहे: मैत्रिणीचं लग्न जर्मनीत, चतुर्थी वेंगुर्ल्यात, आणि करवली मी

नमस्कार मंडळी. इथं परदेशात राहणारे बरेच आहेत आणि माझ्यासारखे गावात राहणारेही. मला दोघांचीही मदत लागणार आहे.

माझी बालमैत्रीण सात वर्षं जर्मनीत आहे, माइंट्सला. मुलगा तिकडचाच. ११ सप्टेंबरला, शुक्रवारी नोंदणी कार्यालयात लग्न आणि १२ला, शनिवारी मोठी पार्टी. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी उशिरा आहे, १४ सप्टेंबरला, सोमवारी. कोकणातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. 'कालनिर्णय बघितलंस काय गो?' असं विचारलं तर म्हणते, कार्यालयाकडे तेवढाच शुक्रवार शिल्लक होता. तिचे आईबाबा जाणार नाहीत. घरचा गणपती असताना काका मुंबईलासुद्धा जात नाहीत, जर्मनी तर राहूच दे. शिवाय काकींच्या लेखी चातुर्मासात होतं ते लग्नच नव्हे, नुसती सही. खरं लग्न तुळशीचं लग्न आटपल्यावर, इथं, मांडवात.

म्हणजे तिकडे मुलीकडचं माणूस मी एकटी.

तिनं मला 'ट्राउत्सॉयगिन' व्हायला सांगितलंय. मी समजले, करवली. करवलीचं काम मला पाठ आहे: करा धरायचा, नवरीच्या मागं मागं मिरवायचं आणि वेळ पडली तर रुसायचं. पण ही करवली आधी साक्षीदार. कार्यालयात अधिकाऱ्यासमोर बसून सही करायची, पासपोर्ट दाखवायचा. त्याआधी मैत्रिणींची सहल ठरवायची, पार्टीत भाषण करायचं आणि दिवसभर नवरीच्या पर्सपासून पिनांपर्यंत सगळं सांभाळायचं. करवली, पाठराखीण आणि मामा, तिन्ही एकाच माणसात.

माझी परिस्थिती सांगते. माझा काजूचा छोटा व्यवसाय आहे. घरच्या बागेत वेंगुर्ला ४ आणि ७ ची कलमं, बी वाळवायला खळं, हंगामात चार बायका कामाला. हंगाम आता मे अखेरीला संपेल, म्हणजे सप्टेंबरात मी मोकळी. पण पैसे जपून वापरावे लागतात. पासपोर्ट कोरा आहे, एकही शिक्का नाही. जर्मन येत नाही, इंग्रजी काम चालण्यापुरतं.

पहिली अडचण व्हिसाची. वाचून एवढं कळलं की शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, विमा ३०,००० युरोंचा हवा. मैत्रीण तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र पाठवणार आहे. त्याचं जर्मन नाव तिनं व्हॉइस मेसेजमध्ये तीनदा सांगितलं, मला एकदाही लिहून घेता आलं नाही. माझी चिंता वेगळीच आहे. मी परत येणार हे त्यांना पटवायचं कसं? नोकरी नाही, म्हणजे रजेचं पत्र नाही. उद्यम नोंदणी आहे, तीन वर्षांची आयकर विवरणं आहेत आणि आईच्या व माझ्या नावावरचा सातबारा आहे. सातबारा चालतो का? मराठीतलाच जोडायचा की भाषांतर?

दुसरी अडचण पैशांची, आणि हे मैत्रिणीला विचारायची मला लाज वाटते. तिच्या तिथल्या चार मैत्रिणींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. जुलैत त्या तिला घेऊन दोन दिवस कुठंतरी जाणार आहेत. माणशी १८० युरो. मी जुलैत जाऊच शकत नाही, तरी ग्रुपवर माझ्या नावापुढं १८० लिहिलंय. ट्राउत्सॉयगिन म्हणून मी द्यायला हवेत का? त्या पैशात माझ्याकडे पावसाळ्याआधी घराची कौलं परतून होतात.

तिसरी, कपडे. सगळ्या जणी पिस्ता रंगाचे गाऊन घालणार. मला 'साडी नेसलीस तरी चालेल, रंग तोच हवा' अशी सूट मिळाली आहे. हातात फुलांचा गुच्छ धरून पदर कसा सांभाळायचा ते ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

आणि चौथी म्हणजे खरी. नागपंचमीला आम्ही गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथं, पाट नेऊन देतो. बाबा गेल्यापासून तो पाट मी नेते, आणि चतुर्थीला मूर्ती डोक्यावर घेऊन भाऊ पुढं आणि घंटा वाजवत मी मागं. भाऊ मुंबईहून आदल्या रात्री पोचतो, त्यामुळं माटवीसुद्धा (गणपतीच्या डोक्यावरची फळंफुलं टांगायची चौकट) मीच बांधते. आई तोंडानं 'जा' म्हणते, पण काल माटवीला कवंडाळं, ती रानफळं, कोण आणणार म्हणून दोनदा विचारून झालं. मे महिन्यात! रविवारी निघून सोमवारी दुपारच्या पूजेला पोचता येईल का?

शेवटचं, काकींनी यादी दिली आहे: ओटीचा नारळ, हिरवा चुडा, खाजं, आमसुलं, घरचे पेढे आणि अबोलीचा वळेसार, म्हणजे गजरा. यातलं काय नेता येतं?

प्रतिसाद

मी जर्मनीत असते, बारा वर्षं झाली. उलट क्रमानं सांगते.

वळेसार विसरा. ताजी फुलं युरोपात आणायला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. फळांचंही तेच, फक्त पाच फळांना सूट आहे: अननस, केळं, खजूर, डुरियन आणि नारळ! ओटीचा नारळ बिनधास्त आणा, पण चेक-इन बॅगेत. सुकं खोबरं मात्र नको, तेलामुळं विमानवाले ते पेट घेणाऱ्या मालात धरतात. दुधाचे पदार्थ बंद, म्हणजे पेढे राहिले. खाजं, आमसुलं, काजूगर चालतात.

साक्षीदाराचं नीट ऐका. जर्मनीत १९९८ पासून लग्नाला साक्षीदार सक्तीचे नाहीत. हवे असतील तर एक किंवा दोन. पण साक्षीदाराला जर्मन समजत नसेल तर कार्यालय दुभाषी मागतं, आणि नवरीनं स्वतः दुभाषी होणं चालत नाही. हे तिला आजच विचारा. दुभाष्याचा खर्च नको असेल तर सही दुसरी कुणी करेल, तुम्ही शेजारी बसा. मान तोच राहतो.

१८० युरो देऊ नका. जी जात नाही तिनं पैसे द्यायचे नसतात. ग्रुपवर सरळ लिहा, 'मी जुलैत नाही, माझं नाव काढा.' इथं स्पष्ट बोललेलं कुणाला टोचत नाही, न बोलता धुसफुसलेलं टोचतं. हवं तर नवरीच्या वाट्यात थोडी भर घाला.

आदल्या संध्याकाळी पोल्टरआबेंड असेल तर दारात चिनी मातीची भांडी फोडतात, शुभ म्हणून. काच आणि आरसा फोडत नाहीत. मग नवरानवरीनं मिळून ते झाडायचं. तुम्ही मुलीकडच्या, तेव्हा निदान एक बशी फोडा.

प्रतिसाद

सातबारा चालतो. मी बहिणीकडे गेलो तेव्हा जोडला होता, इंग्रजी भाषांतर करून. आयकर विवरण आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट सोबत लावा. एका पानाचं पत्र स्वतः लिहा: व्यवसाय काय, आई घरी एकटी, १४ तारखेला घरचा गणपती. सण परतायचं कारण म्हणून लिहायला लाजू नका. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला आणि परतल्यावर निदान तीन महिने चालणारा आहे ना, ते बघा.

प्रतिसाद

गो बाय, चतुर्थीक मुंबैसून गाडयेन येवचा मनात पण आणू नको. हायवेर चाकरमान्यांची रांग असतली नि रेल्वेत पाय ठेवूक जागा नाय. मुंबैक उतारलंस की दुसऱ्या विमानान गोव्यातल्या मोपाक ये. थयसून वेंगुर्ला काय लांब नाय. माटवी शेजारी बांधतले, कवंडाळा माझ्या कुंपणार असत, घेवन जावा.

प्रतिसाद

साडीच्या निऱ्या आणि पदर दोन्ही आतून पिना मारून घ्या, गुच्छ डाव्या हातात. आत थर्मल घाला, सप्टेंबरात संध्याकाळी गारठा असतो. भाषणाचं काय ठरलं? त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कवंडाळंवाल्या दादांनू, तुमचं कुंपण नेमकं खंय ता व्यक्तिगत निरोपात कळवा, आईक सांगतंय.

मैत्रिणीला फोन केला. दुभाष्याचं तिच्याही लक्षात नव्हतं. सही आता मुलाची बहीण करेल, मी शेजारी बसेन. १८०चंही बोलले. ती म्हणाली, 'मला कळलंच नाही गो, त्यांनी परस्पर लिहिलं.' फोन ठेवल्यावर मला उगाच रडू आलं.

परतीचं तिकीट रविवारी दुपारचं बघतेय. फ्रँकफर्टहून मुंबई साधारण आठ तास आणि घड्याळ साडेतीन तास पुढं, म्हणजे मध्यरात्रीनंतर मुंबई, सकाळच्या विमानानं मोपा. विमान वेळेत असेल तर पूजेला बसेन, नाहीतर आरतीला. पाट नागपंचमीला मीच नेणार.

भाषणाबद्दल विचारलं नाही कारण भीती वाटते. एकच प्रसंग सुचतोय. तिचा जर्मनीचा इंटरव्ह्यू माझ्या काजूच्या खळ्यात झाला, रेंज तिथंच यायची म्हणून. ती कॅमेऱ्यासमोर ताठ बसून इंग्रजी झाडत होती आणि कॅमेऱ्याबाहेर मी हातात खराटा घेऊन कोंबड्या हाकलत होते, आवाज न करता. पाऊण तास. एक कोंबडी तरीही तिच्या मांडीवर चढलीच, आणि तिकडचा साहेब हसला.

हे इंग्रजीत पाच मिनिटांत सांगता येईल का? आणि खळ्याला इंग्रजीत काय म्हणायचं?