कापणीच्या सणाला देणगीची रक्कम माईकवर वाचावी का?

मागच्या बाकावरचा
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला धान्य, फळं, कोंबड्या अर्पण होतात आणि उपासनेनंतर त्यांचाच लिलाव होतो. लिलाव धमाल असतो, एकच नारळ चारचार वेळा विकला जातो, त्याबद्दल तक्रार नाही. पण बोली संपली की सेक्रेटरी माईकवर नाव, रक्कम आणि 'कोणाच्या स्मरणार्थ' हे सगळं वाचतात. आकडा मोठा असेल तर टाळ्या. पंख्यांवर देणगीदारांची नावं होतीच, आता स्पीकरच्या खोक्यावरही आलीत. आणि त्याच सकाळी बायबलमधला मत्तय ६ वाचलेला असतो, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणून! पावती द्या आणि विषय संपवा.

माजी खजिनदार
पावतीने विषय संपत नाही हो. चारचौघांत वाचलेली रक्कम कोणाला खिशात घालता येत नाही. शिवाय येशू स्वतः दानपेटीसमोर बसून कोण किती टाकतं ते बघत होता. गरीब विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, त्यानेच शिष्यांना बोलावून सांगितल्या (मार्क १२).

मागच्या बाकावरचा
सांगितल्या, पण तिचं नाव सांगितलं का? आजही ते कोणाला ठाऊक नाही.

नगरची लेक
दोघेही पोटभर जेवलेल्यांसारखे बोलताय. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी मंडळ्यांची मुळं महारवाड्यात नि मांगवाड्यात आहेत. माझे पणजोबा गावात पाटलाच्या ओट्याखाली उभे राहायचे. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बाकावर बसायला मिळालं, हीच त्यांची सुवार्ता. त्या बाकावर त्यांचं नाव कोरलंय आणि मी ते काढू देणार नाही. वाकण्याचे धडे आम्हाला पिढ्यान् पिढ्या मिळालेत. फिलिप्पै २ मध्ये ख्रिस्ताने देवाच्या बरोबरीचा मान सोडून स्वतःला रिक्त केलं, कारण रिक्त करण्याजोगं त्याच्याकडे होतं. ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. ब्राह्मण घरातून आलेला, नावाजलेला कवी. त्याने हातची जागा सोडली, याला मी नम्रता म्हणते. ज्याला मुळात खुर्चीच मिळाली नाही, त्याला कसली नम्रता शिकवता?

वसईकर
आमच्याकडे कॅथलिक चर्चमध्ये पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी असतो, येशूने बारा शिष्यांचे धुतले म्हणून. बारा जण आधी ठरलेले, बहुतेक दरवर्षीचेच, आणि घरून साबणाने पाय घासून आलेले! पोप फ्रान्सिस २०१३ मध्ये रोमच्या बालसुधारगृहात गेले, तिथल्या मुलामुलींचे पाय धुतले, त्यात मुस्लिमही होते. बायकांना या विधीत घेण्याची अधिकृत परवानगी मात्र २०१६ मध्ये आली. आमच्या बारांत अजून एकही बाई नाही. विधी संपल्यावर घंगाळं उचलून फरशी पुसायला तेवढ्या बायकाच.

चर्चच्या तरुण संघातला
आणि उपासनेत उभं राहून देवाने काय केलं ते सांगतात, त्या साक्षी? 'मी तर धुळीसमान' म्हणून सुरुवात होते आणि अर्ध्या तासाने मुलाच्या अमेरिकेच्या व्हिसापाशी संपते.

माजी खजिनदार
विषय भरकटतोय. नगरच्या ताईंचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, नाव लागू द्या.

नगरची लेक
अजिबात नाही. पणजोबांच्या बाकाला लागलेले पैसे अख्ख्या वस्तीने आणे-आणे गोळा केले होते. तुमच्या स्पीकरच्या खोक्यावरचा साहेब पहिल्या रांगेतून हलत नाही. लूक १४ मधलं 'शेवटच्या जागी बसा' त्याच्यासाठी आहे. ते मानाच्या जागा धरणाऱ्या पाहुण्यांना सांगितलंय, दारात ताटकळणाऱ्यांना नाही.

मागच्या बाकावरचा
बाकाचं पटलं, ते नाव राहू द्या. मग असं करू: नावं सगळ्यांची, अक्षरांच्या क्रमाने. रक्कम वाचायची नाही, ती हिशोबवहीत लिहायची आणि वही ज्याला हवी त्याने उघडून बघायची.

माजी खजिनदार
म्हणजे पन्नासवाला आणि पन्नास हजारवाला एका ओळीत? देणगी निम्म्यावर येईल.

नगरची लेक
येऊ द्या की.

माजी खजिनदार
पावसाळ्यात छत वेदीवर गळतं, ताई. त्याचं बिल कोण भरणार ते सांगा, मग तुमचा हा ठराव मी स्वतः मांडतो.