रक्ताभिसरणाचा शोध हार्वेचा की भेलाचा?

खरडवही: घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी परवा ढकललं, "रक्ताभिसरण विल्यम हार्वेच्या कितीतरी आधी भेलसंहितेत आहे." (भेलसंहिता म्हणजे आयुर्वेदाचा जुना ग्रंथ, हार्वे म्हणजे इंग्रज डॉक्टर.) तिथे वाद घातला तर दिवाळीला जेवायला मिळणार नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझ्या मते श्रेय हार्वेचंच. १६२८ च्या पुस्तकात त्याने वाण्याचा हिशोब मांडलाय. एका ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर पडतं, अर्ध्या तासात हजार ठोके पडतात असं धरा. दोन्ही आकडे कमीच आहेत. तरी झाले ५०० औंस, म्हणजे चौदा-पंधरा किलो! तेव्हा सगळे प्राचीन ग्रीक वैद्य गेलनचं मानत: यकृत अन्नापासून रक्त बनवतं आणि अवयव ते संपवतात. पण अर्ध्या तासाला एवढं रक्त करायचं तर बकासुराचा गाडाही पुरायचा नाही. म्हणजे तेच रक्त फिरून येत असणार.

अडुळसा: मी बीएएमएस, आणि मी काकांच्या बाजूने. भेल म्हणतो, रस (अन्न पचून होणारा द्रव) हृदयातून निघतो, सगळीकडे जातो आणि सिरांवाटे हृदयाकडे परत येतो. हे "परत येतो" गेलनकडे आहे का? हेच वाक्य लॅटिनमध्ये असतं तर तुम्ही डोक्यावर घेतलं असतं.

खरडवही: वाक्य सुंदर आहे, पण रस म्हणजे रक्त नव्हे ना? सुश्रुताच्या मते रस यकृत-प्लीहेत जाऊन रंगतो, मग त्याचं रक्त होतं. शिवाय सुश्रुत ७०० सिरांचं मूळ नाभीत सांगतो, तर चरक दहा महाधमन्या हृदयातून काढतो. यातलं बरोबर कोणतं, हे तपासायला कुणी काय केलं?

अडुळसा: सुश्रुताने प्रेत सात रात्री पाण्यात ठेवून थर थर सोलून पाहायला सांगितलंय. याला तपासणं नाही तर काय म्हणायचं?

तिरपागडा: ताई, त्या प्रेताचं हृदय चालत नव्हतं. हार्वेने जिवंत मासे, साप, कुत्रे चिरले. वाईटच वाटतं वाचताना. पण गार रक्ताच्या प्राण्यांचं हृदय सावकाश चालतं, म्हणून त्याला ते नीट दिसलं.

(अवांतर: मटणवाल्याकडे काळीज मागा, यकृत मिळतं. ठोका मात्र चुकतो तोही काळजाचाच. भाषेनेही अजून निकाल दिलेला नाही.)

मुशाफिर: कैरोला सगळेच विसरले. तिथल्या वैद्य इब्न अल-नफीसने १२४२ मध्ये लिहिलं की गेलन म्हणतो तशी न दिसणारी छिद्रं हृदयाच्या मधल्या पडद्याला नाहीत, उजवीकडचं रक्त फुप्फुसातून वळसा घेऊन डावीकडे येतं. हे हस्तलिखित १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरला सापडलं, तेव्हा कुठे जगाला कळलं.

अडुळसा: खरडवही, एक सांगा. धमनीतून शिरेत रक्त कसं जातं हे हार्वेला तरी कुठे दिसलं? धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्या इटलीच्या मालपिगीने पाहिल्या १६६१ मध्ये, बेडकाच्या फुप्फुसात. हार्वे १६५७ लाच गेला. मग गेलनची न दिसणारी छिद्रं ही थाप, आणि हार्वेची न दिसणारी जोडणी हा शोध?

खरडवही: हा प्रश्न लागला. रात्रभर विचार केला. फरक मला असा वाटतो: हार्वेच्या म्हणण्याचा पडताळा घरी घेता येतो. दंडाला रुमाल जरा आवळून बांधा, हातावरच्या शिरा फुगतील. एका शिरेवर बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने तिथून वरचं रक्त खांद्याकडे सारा. वरच्या झडपेपर्यंत शीर रिकामीच राहते, रक्त खाली उतरत नाही. बोट उचललं की खालून भरते.

अडुळसा: करून पाहिलं. होतं खरं. पण हाच हार्वे जन्मभर रोग्यांचं रक्त काढत राहिला, तेही लिहा.

खरडवही: लिहिलं. काकांनाही रुमाल बांधायला लावला. शीर बघून म्हणाले, "हे भेलात असणारच. भेलसंहितेची तंजावरची पोथी तुटकी आहे, नेमकं तेच पान गेलं असेल."