मदत हवी आहे: युडिथ लेस्टरच्या चित्रातला दिव्याचा उजेड कसा आणायचा?

ऑइल पेंटिंगवाल्यांनो, जरा मदत करा. युडिथ लेस्टर ही नेदरलँड्समधल्या हार्लेमची 17व्या शतकातली चित्रकार, पोर्ट्रेट आणि घरगुती प्रसंग काढायची, पण तिची बरीच चित्रं तिथल्याच नावाजलेल्या चित्रकाराच्या, फ्रान्स हाल्सच्या नावावर खपली, 1893 मध्ये पॅरिसच्या लूव्हर म्युझियममधल्या एका चित्रावर तिची खरी सही, म्हणजे जेएल आणि चांदणी, सापडली तेव्हा कुठे भानगड बाहेर आली. असो. तिचं 1631चं एक छोटं चित्र हेगच्या मॉरित्सहाउस म्युझियममध्ये आहे, त्याची कॉपी करतेय. बाई दिव्याशी शिवत बसलीये, एक बाप्या खांद्यावर हात ठेवून नाणी दाखवतोय आणि ही ढुंकूनही बघत नाही, आपली टाके घालतेय (कसली भारी आहे!)

प्रॉब्लेम तिच्या पांढऱ्या कपड्यांचा. यलो ऑकर (मातकट पिवळा) घातला की कपडा मळका दिसतो, नुसता टायटॅनियम व्हाइट ठेवला की ट्यूबलाइट लावल्यासारखं वाटतं. आधी बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) अंडरपेंटिंग, म्हणजे खालचा थर, करून वरून ग्लेझ (पातळ पारदर्शक थर) देऊ का डायरेक्टच रंगवू? आणि रंगात लिनसीड (जवसाचं तेल) किती घालता, या पावसाळी हवेत वाळतच नाहीये. कोणी दिव्याच्या उजेडाचं काम केलं असेल तर फोटोसकट सांगा प्लीज.