सायकलवर पोरांना घेऊन जिओकॅशिंग करतं का कुणी? (नेदरलँड्स)

ओट्यावरची

नमस्कार मंडळी,

आम्ही आइंडहोवनला असतो, दीड वर्ष झालं. नवरा सायकलवेडा, इथे आल्यावर तर त्याला रान मोकळंच मिळालं. सपाट रस्ते, सायकलचे वेगळे ट्रॅक, चढ औषधालासुद्धा नाही. रविवार उजाडला की "चला, आज ४० करू". मी करते आपली कशीबशी. धाकटा ६ वर्षांचा आहे, त्याची सायकल बाबाच्या सायकलला दांडीने जोडतो, त्यामुळे तो पायडल मारतो की नुसता बसून हवा खातो ते देवालाच ठाऊक. पण मोठी १० वर्षांची, ती आठव्या-नवव्या किलोमीटरला "अजून किती राहिलं" सुरू करते ते घरी येईपर्यंत.

तर गेल्या आठवड्यात तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस जंगलात होता आणि तिथे म्हणे फोनवर बाण बघत बघत सगळ्यांनी एका पडलेल्या झाडाखालून डबा शोधून काढला, आत छोटी वही, गोट्या, खोडरबर, एक डायनासोर. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. जिओकॅशिंग म्हणतात एवढं कळलं, अ‍ॅप पण टाकलं, पण उघडल्यावर नकाशावर इतके ठिपके दिसले की मी घाबरून बंदच केलं.

फुकट अकाउंटवर भागतं का? सायकलिंगबरोबर जमतं का, का नुसतं उतर-चढ उतर-चढ होतं? नवऱ्याचं म्हणणं "असं दर दोन मिनिटांनी थांबायचं तर चालतच जाऊ की". आणि धाकट्याला डब्यात राजगिऱ्याचे लाडू ठेवायचेत, दुसऱ्या मुलांना मिळतील म्हणून 😀 ते चालतं का? दिवाळीत पुण्याला येणार आहोत, तेव्हा तिकडे आपणच एखादा डबा लपवून यावा असंही डोक्यात आहे.

पायडलपांडू

उट्रेख्टहून. आम्ही सहा वर्षं करतोय, त्यामुळे थोडं मोठं लिहितो, चहा घेऊन बसा.

तुमच्या मिस्टरांचा मुद्दा एकदम बरोबर आहे आणि बहुतेक लोकांचा पहिला रविवार त्यातच वाया जातो. नियम असा आहे की दोन डब्यांत कमीत कमी १६१ मीटर अंतर हवं. आता गंमत अशी की काही लोक बरोबर तेवढंच अंतर ठेवून रस्त्याच्या कडेने ओळीने डबे लावतात, त्याला पॉवर ट्रेल म्हणतात. आम्ही पहिल्यांदा हौसेने असाच एक धरला. दीड तासात साडेतीन किलोमीटर. पोरगा शेवटी सायकलवर बसायलाच तयार नाही, म्हणाला मी ढकलत येतो. तेव्हा ठरवलं की सायकलच्या दिवशी पाचच्या वर कॅश (म्हणजे हे लपवलेले डबे) नाहीत, दोघांत निदान तीन-चार किलोमीटर पाहिजेत, आणि कुठले पाच ते आदल्या रात्री पोरांनी ठरवायचे. मग होतं काय की "अजून किती" हा प्रश्न तोच राहतो पण त्याचा अर्थ बदलतो. घर किती लांब असं विचारत नाहीत, पुढचा डबा किती लांब असं विचारतात, आणि पाय आपोआप चालतात.

निवडताना मायक्रो आणि नॅनो सोडून द्या. मायक्रो म्हणजे जुन्या फिल्म रोलच्या डबीएवढी आणि नॅनो तर शर्टाच्या बटणाएवढी, पुलाच्या कठड्याला लोहचुंबकाने चिकटवलेली. त्यात फक्त कागदाची गुंडाळी, खेळणं कुठून मावणार. मुलांना स्मॉल किंवा रेग्युलर पाहिजे. डिफिकल्टी (शोधायला किती अवघड) आणि टेरेन (पोचायला किती अवघड) दोन्ही १ ते ५ मध्ये असतात, सुरुवातीला दोन्ही २ च्या आत ठेवा. आणि शेवटचे तीन-चार लॉग, म्हणजे आधी शोधून गेलेल्यांच्या नोंदी, वाचल्याशिवाय जाऊच नका. ओळीने सगळ्यांना मिळाला नसेल तर डबा गेलेला आहे, तुम्ही काही जादू करणार नाही.

फुकट अकाउंटवर सुरुवातीला आरामात भागतं. काही डबे फक्त पैसे भरणाऱ्यांना उघडतात, त्यांचा मोह तीन महिने टाळा. अँड्रॉइड असेल तर सी-जिओ नावाचं अ‍ॅपपण बघा.

फोन हँडलवरच्या स्टँडला लावा. हातात धरून सायकल चालवली तर दंड आहे, १ जुलै २०१९ पासून. मला झालाय म्हणून सांगतोय 😐 आणि बाण ५ मीटर दाखवायला लागला की फोन खिशात. दाट झाडीत तर दहा मीटरचा फरक सहज पडतो, लोक मात्र फोनकडे बघत गोल गोल फिरत बसतात. तिथून पुढे डोळ्यांचं काम. "मी लपवला असता तर कुठे लपवला असता" हा प्रश्न मुलीला विचारा आणि बाजूला व्हा. कारण नसताना कुणी रचून ठेवलेल्या काटक्या दिसल्या की समजायचं.

पेन न्या. पेन न्या. पेन न्या.

दुर्बीण

लाडवाचं उत्तर: नाही. खाण्याचं काहीच ठेवायचं नाही, वासाने जनावरं डबा फोडतात आणि मग वही, खेळणी सगळ्याचा लगदा. गंमत म्हणजे जगातल्या पहिल्या डब्यात खाणं होतं. २००० च्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य लोकांना मिळणारा जीपीएस सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडायची, १०० मीटरपर्यंत चूक यायची. क्लिंटनच्या हुकमाने तो बिघाड बंद झाला आणि लगेच ३ मे ला ओरेगनमध्ये पोर्टलंडजवळ डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने एक बादली जंगलात ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले, बघूया म्हणे कुणाला सापडते का. त्यात पुस्तकं, गलोल वगैरे होतं आणि एक शिजवलेल्या घेवड्याचा सीलबंद डबा. काही दिवसांत सापडलीसुद्धा. "जिओकॅशिंग" हे नाव त्याच महिन्याच्या शेवटी पडलं.

धाकट्याला सांगा लाडू घरी, डब्यात गोटी. एक घेतलं तर तेवढ्याच किमतीचं किंवा वरचढ ठेवायचं, हा देवाणघेवाणीचा नियम. आणि आकड्याचा कोड छापलेला धातूचा बिल्ला दिसला तर तो खेळणं म्हणून घरी नेऊ नका, तो ट्रॅव्हल बग. या डब्यातून उचलून पुढच्या डब्यात सोडायचा असतो.

जाता जाता, हिंट कोडमध्ये असते. ए च्या जागी एन, बी च्या जागी ओ, अशी तेरा अक्षरं सरकवलेली. अ‍ॅप एका टिचकीत उलगडून देतं पण मुलीला कागदावर करू द्या, वाचायचा कंटाळा करणारी आमची मुलगी हे मात्र जिभेचं टोक बाहेर काढून करते.

म्युनिकची_मावशी

अगं ओट्यावरची, बिनधास्त कर. आम्ही मागच्या उन्हाळ्यात डॅन्यूबच्या काठाने पासाऊ ते व्हिएन्ना केलं, साधारण ३२० किमी, मुलं ९ आणि १२, नऊ दिवस घेतले. लोक चार-पाच दिवसांत करतात, करू देत. नदीबरोबर जायचं म्हणजे चढ जवळजवळ नाहीच, मध्ये श्ल्योगेनला नदी अशी काही वळण घेऊन उलटी फिरते की नकाशा चुकला असं वाटतं, आणि सायकलसकट होडीने पलीकडे जायचं. कॅश आम्ही दिवसाला तीनच ठेवले. सकाळच्या कंटाळ्याच्या वेळी एक, जेवणाच्या थोडा आधी एक, आणि तिसरा मुक्कामापासून चालत जाण्यासारखा, कारण संध्याकाळी सायकल लावल्यावर मुलं एकदम ताजीतवानी होतात आणि आपण मेलेलो असतो. तो तिसरा बाबा आणि मुलं करायची, मी पाय वर करून.

आमच्या ट्रॅव्हल बगला रिक्षाचं कीचेन लावलं होतं, मुलाने ध्येय लिहिलं "मला पुण्याला पोहोचवा". पासाऊला सोडला. आठ महिने झाले, सध्या चेक रिपब्लिकमध्ये कुठल्यातरी डब्यात बसलाय. रिक्षाच ती, नाही म्हणाली असणार पुण्याला यायला.

आता कामाचं. उन्हाळ्यात गवतात, झुडपात हात घालणार म्हणजे गोचीड आलीच. फुल पँट, पायमोजे पँटवरून ओढायचे, फॅशन गेली उडत. घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, कानामागे, केसांच्या कडेला रोज बघायचं. चिकटलेली दिसली तर गोचीड काढायचा चिमटा मिळतो त्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-बिल अजिबात लावायचं नाही, आणि तारीख लिहून ठेवायची. नंतरच्या आठवड्यांत तिथे लाल चट्टा गोल पसरायला लागला तर डॉक्टर, लाइम (गोचिडीतून होणारा आजार) असू शकतो. घाबरवत नाहीये, आमच्याकडे तीन निघाल्या, काही झालं नाही.

पायडलपांडू

मावशींच्या यादीत भर: तुम्ही ब्राबांट प्रांतात आहात, तिकडे मे ते जुलै ओकच्या झाडांवर सुरवंटांच्या झुंडी असतात, एकामागे एक रांगेत. त्यांचे केस हवेत उडतात आणि अंगाला लागले की काही दिवस नुसती आग आणि खाज. खोडावर जाळीसारखं घरटं किंवा पालिकेची पट्टी-पाटी दिसली तर तो डबा सोडून द्या. खाजऱ्या पानांचं झुडूप तर सगळीकडेच आहे, आपल्या खाजकुयलीची गरीब बहीण.

आणि रस्ता आखायला आकड्यांचे नोड (सायकलरस्त्यांच्या चौकांना दिलेले नंबर) वापरता ना? ती कल्पना बेल्जियमच्या लिंबुर्गमधल्या एका खाण इंजिनिअरची, म्हणून खाणीतल्या बोगद्यांच्या चौकांना असतात तसे नंबर. आम्ही आकडे चिकटपट्टीवर लिहून पोराच्या हँडलला लावतो, पुढारी तो. कॅशसाठी नोडचा रस्ता सोडायचा तर फार तर २०० मीटर, हा घरचा कायदा.

कोथरूडकर

दिवाळीत इथे डबा लपवायचा बेत तेवढा रद्द करा. एकतर साइटच परवानगी देत नाही. लपवणाऱ्याने अधूनमधून जाऊन बघायचं असतं, वही भिजली तर बदलायची, सुट्टीत येऊन ठेवून जायचं चालत नाही. आणि दुसरं म्हणजे ताई, टेकडीवर दगडाआड तारेने बांधलेला प्लॅस्टिकचा डबा लपवताना तुम्हाला कुणी बघितलं तर काय होईल ते मी सांगायला नको. आपण लहानपणापासून "बेवारस वस्तूंना हात लावू नका" ऐकत मोठे झालोय, आणि ते बरोबरच आहे. त्यातून डबा पोलिसांपासून वाचला तर माकडांपासून नाही, माकडांपासून वाचला तर चार महिन्यांच्या पावसापासून नाही.

इथे अर्थकॅश जास्त शोभतो. त्यात डबाच नसतो, जागेवर जाऊन भूगोलातले प्रश्न सोडवायचे आणि उत्तरं पाठवायची. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे घ्या, खडकात पाण्याने आणि गोट्यांनी घुसळून घुसळून पडलेले रांजण, पोरांना तिथे उभं करून "हे कसं झालं असेल" विचारा. अ‍ॅप असो नसो.

ओट्यावरची

सगळ्यांना खूप खूप थँक्यू! डबा-लाडू-पुणे सगळं रद्द 😀 या रविवारी जाऊन येतो आणि सांगते.

ओट्यावरची

गेलो होतो! स्ट्राब्रेख्टच्या माळावर, येऊन-जाऊन २६ किमी. ऑगस्ट असल्यामुळे सगळा माळ जांभळा झालाय, बघतच राहावं असा. पाच कॅश लेकीने निवडले होते. तीन मिळाले, एक नाही मिळाला (शेवटचे लॉग वाचले नव्हते, चूक कबूल), आणि एका बाकावर एक आजोबा कुत्रा घेऊन बसलेले. आम्ही लांब बसून थालीपीठ खात त्यांची उठायची वाट बघितली. वीस मिनिटं. शेवटी ते उठले, आमच्याजवळ आले आणि डचमध्ये म्हणाले, डाव्या पायाच्या मागे आहे बाकाच्या, वरून चिकटवलाय. रोज बसतात म्हणे तिथे, आणि आमच्यासारखी माणसं रोज थालीपीठ खातात. म्हणजे सँडविच.

पेन विसरलो. तीनदा लिहूनही. पर्समध्ये काजळाची पेन्सिल होती, चारही डब्यांच्या वह्यांमध्ये आमची नावं काजळाने आहेत. मोठी २६ किलोमीटर एकदाही "अजून किती" म्हणाली नाही, पुढच्या डब्यापर्यंत किती ते मात्र सतत. गोचीड नाही निघाली. धाकट्याने एका डब्यात गोटी ठेवून शिट्टी आणली आहे, त्याबद्दल त्या अज्ञात पालकांना माझा निरोप पोचायला हवा.

आणि एक राहिलंच. आमचं चौघांचं एकच अकाउंट आहे. मंगळवारी लेक नकाशा बघत बसली होती तर बाबाच्या ऑफिसमागच्या कालव्याजवळ एक पिवळा हसरा चेहरा उगवलेला, म्हणजे सापडल्याची खूण. वेळ दुपारी १२:४०. संध्याकाळी साहेब घरात शिरल्याबरोबर दारातच उलटतपासणी झाली. "सहज पाय मोकळे करायला गेलो होतो" म्हणे. आता शनिवारी सगळ्यांना तिथे परत घेऊन जायचं, आणि याने झाडाकडे तोंड करून उभं राहायचं, अशी शिक्षा झालेली आहे.