शब्दचर्चा : ‘ऑल्टर्ड’ कॉर्डला ‘विकृत’ म्हणावे का?

प्रश्न (दादर) : पेटीनंतर मी आता पियानो शिकते आहे. ‘ऑल्टर्ड डॉमिनंट’ (मूळ घराकडे ओढणारी, काही स्वर अर्ध्या स्वराने सरकवलेली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेला स्वरसमूह) ही संज्ञा वहीत मराठीत लिहिताना ‘विकृत’ हा शब्द योग्य ठरेल काय? पट्ट्या मी पांढरी पाच, काळी दोन अशाच, म्हणजे सी ही पांढरी एक धरून पांढऱ्या आणि काळ्या वेगवेगळ्या मोजून ओळखते. उत्तर त्याच भाषेत मिळाल्यास आभारी राहीन.

उत्तर (गिरगाव) : बोलण्यात ‘विकृत’ हे दूषण असले तरी संगीतशास्त्रात तो निर्मळ शब्द आहे, शुद्ध स्थान सोडून कोमल किंवा तीव्र झालेला स्वर तो विकृत. तरीही येथे तो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पांढरी पाचला सा धरले, तर साध्या जी सेव्हन कॉर्डमध्ये सा, शुद्ध ग, प आणि कोमल नि हे स्वर येतात. आपल्या हिशेबाने त्यातला निषाद आधीच विकृत आहे, पण पाश्चात्त्य हिशेबाने तो त्या कॉर्डचा स्वाभाविक घटक असून त्याला कोणी ‘ऑल्टर्ड’ म्हणत नाही. बदलतात ते पाचवा (प) आणि नववा (वरच्या सप्तकातला रे) हे दोनच स्वर, अर्धा स्वर खाली किंवा वर. ग आणि नि जागेवर राहतात, कारण कॉर्डची ओळख त्यांच्यातच असते.

हे हाताने पाहावे. डाव्या हाताने पांढरी चार आणि तिच्या वरची पांढरी सात दाबा. उजव्या हाताने त्यांच्या वर काळी दोन आणि त्याहून वरची काळी पाच. म्हणजे कोमल नि, शुद्ध ग, कोमल ध (वर सरकलेला पाचवा), कोमल ग (वर सरकलेला नववा). दोन्ही गंधार एकत्र वाजतात, पण कोमल गंधार शुद्ध गंधाराच्या बराच वर ठेवल्यामुळे टक्कर कर्कश न होता धारदार होते. तो अगदी शेजारी, खाली घेऊन ऐकलात की फरक लगेच कळेल. आता पांढरी सात तशीच धरून बाकीची तीन बोटे अर्ध्या स्वराने खाली आणा : पांढरी तीन, पांढरी दोन, पांढरी सहा. सगळा ताण पांढरी एकच्या, म्हणजे सी मेजरच्या घरात उतरतो. कॉर्डचा मूळ स्वर, म्हणजे पांढरी पाच, इथे नाही; वृंदात तो बासवादक सांभाळतो. एकट्याने वाजवताना पांढरी पाच आधी खर्जात देऊन पेडल धरावे.

पुरवणी (विलेपार्ले) : वरील मताशी सहमत आहे, आणि एक अडचण आणखी आहे. आजच्या हिंदुस्थानी पद्धतीत षड्ज आणि पंचम अचल असल्याने ‘विकृत पंचम’ असे लिहिताच येत नाही. खाली सरकलेला पाचवा स्वर म्हणजे आपला तीव्र मध्यम, वर सरकलेला म्हणजे कोमल धैवत. या कॉर्डवर वाजवायची ऑल्टर्ड स्केल (स्वरमाला) म्हणून सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नि अशी लिहावी, म्हणजे पंचम वर्ज्य आणि गंधार दोन. हेच स्वर काळी चारपासून सुरू केले की मेलोडिक मायनर स्केलचा आरोह मिळतो. वहीत ‘ऑल्टर्ड’ हाच शब्द देवनागरीत ठेवून खाली ही सरगम लिहावी.